जबानीत न आलेले वाक्य

मी चाकरीला लागलो तो बुधवार पेठेतल्या चावडीवर, जबान्या लिहिणारा कारकून म्हणून. राज्य श्रीमंत पेशव्यांचे होते, शहर दरवर्षी एखाद्या आळीने वाढत होते, आणि त्यामुळे चोऱ्या, भांडणे, सामाईक भिंतींचे तंटे यांना काही तोटा नव्हता. ज्याला काही सांगायचे असेल त्याने चावडीच्या ओसरीवर येऊन बसायचे, पाळी आली की सांगायचे, आणि मी ते कागदावर उतरवायचे. त्या कागदाला जबानी म्हणत. उतरवून झाले की वाचून दाखवायचे आणि सांगणाऱ्याला लिहिता येत नसेल तर खाली त्याची निशाणी घ्यायची. शेतकरी नांगर काढत, शिंपी कात्री काढत, बायका बांगडी काढत.

ही चाकरी मला अक्षर चांगले म्हणून मिळाली होती, आणि अक्षर चांगले झाले होते ते कविता उतरवून उतरवून. मला कवी व्हायचे होते. सोळाव्या वर्षापासून मी ओव्या आणि आर्या जुळवत होतो. चुलत्यांनी चावडीवर चिकटवून दिले तेव्हा मी घरी कोणाशी दोन दिवस नीट बोललो नाही. दिवसभर लोकांची रडगाणी लिहून संध्याकाळी हातात काय शिल्लक राहणार, अशी माझी समजूत होती. चावडीवर मोडी लिहायची, भरभर, हात न उचलता. कविता मी बाळबोध लिपीत लिहीत असे, एकेक अक्षर सुटे, वळणदार. दिवसाचा हात आणि संध्याकाळचा हात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे मी ठरवून टाकले होते.

चावडीवरचे वडील कारकून हे माझे वरिष्ठ. किडकिडीत बांधा, नाकाला सतत तपकीर, आणि धाकट्यातल्या धाकट्यालाही ‘आपण’ म्हणायची सवय. त्यांनी ‘आपण’ म्हटले की समोरच्याने सावध व्हावे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. एका बाईची तांब्याची घागर चोरीला गेली होती. ती एवढेच म्हणाली होती की पहाटे घागर विहिरीवर ठेवली, सुनेला हाक मारायला वळले, परत पाहिले तर घागर नाही. मी लिहिताना सुरुवातीला सूर्यनारायण उगवला, पाखरे किलबिलली, दिशा उजळल्या, आणि मग घागरीवर आलो. वडील कारकुनांनी कागद वाचला, चिमूट नाकात ओढली आणि विचारले, “घागर सूर्यनारायणाने नेली काय?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“नाही, साक्षीला बोलवायचे असतील तर तसे लिहा. माणूस पाठवू. नाहीतर वगळा त्यांना.”

ओसरीवरचे लोक हसले. मी कागद पुन्हा लिहिला. त्या संध्याकाळी निघताना ते माझ्याजवळ येऊन जरा मऊ आवाजात म्हणाले, की समोरचा जे म्हणतो ते आपण इथे लिहावे, आणि आपल्याला जे वाटते ते खुशाल घरी लिहावे, त्याला सरकारची हरकत नाही. मी कविता करतो हे त्यांना कुठून तरी कळले होते. मी ते शब्दशः मनावर घेतले. चावडीवर इतके कोरडे लिहू लागलो की त्यांनाही बोलायला जागा उरली नाही, आणि घरी इतके ओले की कागद पिळावा.

माझी आख्याने गाणारे एक हरिदासबुवा होते. आमच्या घराजवळच्या देवळात ते संध्याकाळी कीर्तन करीत. वय झाले होते, पण गळा अजून भरदार होता, आणि नव्या माणसाचे लिखाण घ्यायला ते कचरत नसत. माझी दोन आख्याने त्यांनी गाऊन पाहिली. दोन्ही वेळा लोक भजनापर्यंत बसले, आख्यान सुरू झाल्यावर बायका एकमेकींच्या लेकी-सुनांची चौकशी करू लागल्या आणि पुरुषांनी पानाचे डबे उघडले. बुवा मला दोष देत नसत. एकदा एवढेच म्हणाले की शब्द गोड आहेत, पण लोकांना आपण जेवून आलो आहोत असे वाटते. मला त्याचा अर्थ नीट लागला नाही. मी आणखी गोड लिहू लागलो.

चाकरीला दोन वर्षे झाली असतील. वडील कारकून तापाने चार दिवस घरी होते, आणि चावडीवरचे सगळे काम माझ्याकडे होते. त्यातल्याच एका सकाळी एक बाई आली. तिशीची असेल. मूळची धायरीकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली. नवरा सरकारी पागेत घोड्यांच्या चाकरीला होता. सहा वर्षांपूर्वी तो स्वारीबरोबर उत्तरेकडे गेला. पहिल्या वर्षी कोणाकोणाबरोबर निरोप येत राहिले, मग थांबले. आता तिचा दीर सांगत होता की तो तिकडेच वारला, फौजेतल्या एकाने तसे सांगितले. तेव्हा वहिनीने बांगड्या उतरवाव्यात, माहेरी जावे आणि दोन खणांचे घर रिकामे करून द्यावे. ती म्हणत होती की ज्याने सांगितले त्याने स्वतः काही पाहिलेले नाही, ऐकलेले सांगितले. डोळ्यांनी पाहिलेला माणूस येईपर्यंत ती बांगडीला हात लावणार नाही.

ती रडत नव्हती. भिंतीला टेकून, गुडघ्यांना मिठी घालून, एकेक गोष्ट आठवून सांगत होती. मी लिहीत होतो. मग जो प्रश्न विचारायचाच असतो तो मी विचारला. नवरा हयात आहे असे ती कशावरून म्हणते?

तिने गुडघ्यांची मिठी सोडून आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली, “कशावरनं म्हंजे दादा, काय सांगू. पीठ मळाय बसले की हात चुकतोय. रोज एक उंडा जादा हुतोय. सा वर्सं झाली, हाताला अजून कळंना त्यो न्हाई म्हून.”

माझा बोरू थांबला. इतक्या वर्षांत मी विरहावर शंभरेक आर्या केल्या असतील. चंद्र, चंदन, कमळाची पाने, काही बाकी ठेवले नव्हते. आणि ही बाई पिठाच्या उंड्याबद्दल बोलली आणि मला तिची सहा वर्षे दिसली.

मी ते वाक्य जबानीत लिहिले नाही.

का लिहिले नाही, याचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ तयार होते. हा काही पुरावा नव्हे, किरकोळ गोष्ट आहे, वडील कारकुनांना असला मजकूर चालत नाही. मी लिहिले, “नवरा हयात असावा असे वाटते म्हणते. आधार सांगता येत नाही.” तिला वाचून दाखवले. तिने मान हलवली, बोरू मुठीत धरून वाकडी बांगडी काढली आणि गेली. ती ओसरीच्या पायऱ्या उतरताच मी एक कपटा घेतला आणि तिचे वाक्य जसेच्या तसे त्यावर लिहून पागोट्यात खोचले. खरे कारण ते होते. ते वाक्य मला माझ्यासाठी हवे होते, आणि सरकारी कागदावर एकदा गेले की ते माझे राहिले नसते.

त्याच आठवड्यात मी नवे आख्यान पुरे केले. नवऱ्याने वनात सोडलेल्या एका राणीची कथा होती, पुराणात अशा अनेक आहेत. ती पर्णकुटीत भाकरी थापायला बसते आणि एक उंडा जादा होतो, अशी ओवी मी मधोमध घातली. भोवतीचे सगळे नेहमीसारखेच गोड होते. बुवांनी ते कीर्तनाला घेतले. मी खांबाआड बसलो होतो. आख्यान सुरू झाले तशी कुजबुजही सुरू झाली, पानाचे डबे निघाले. मग ती ओवी आली आणि देऊळ एकदम गप्प झाले. बुवांनी ती पुन्हा म्हटली, झांजेचा आवाज अगदी खाली आणून. पुढच्या ओळीतल्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. एका म्हाताऱ्याने हातातले पान तसेच धरून ठेवले होते.

कीर्तन संपल्यावर बुवांनी मला जवळ बोलावले आणि हे कुठून आणले ते विचारले. मी म्हणालो, सुचले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला फार आनंद झाला होता. परतणाऱ्या लोकांत वडील कारकून आपल्या आईचा हात धरून चालले होते, ते मी पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पोहोचलो तो ते माझ्याआधी येऊन बसले होते. पुढ्यात दोन कागद होते. एक त्या बाईची जबानी, दुसरी तिच्या दिराची, जी मधल्या दिवसांत त्यांनीच लिहून घेतली होती. दिराने सांगितले होते की भाऊ गेला हे वहिनीनेही केव्हाच मनाने मान्य केले आहे, घर सुटू नये म्हणून ती बांगड्या घालून हिंडते. त्याच्या जबानीला आधार होता, बातमी आणणाऱ्याचे नाव होते. तिच्या जबानीत ‘आधार सांगता येत नाही’ हे माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेले होते. कागद त्याच दिवशी कोतवालांपुढे जायचे होते, आणि निकाल काय होईल हे कोणीही सांगितले असते.

त्यांनी मला समोर बसवले. ओसरीवर अजून कोणी नव्हते.

“काल राणीने भाकरी थापली,” ते म्हणाले. “असले आपोआप सुचत नाही. ती भाकरी कोणाच्या घरची?”

मी सांगितले.

“मग या जबानीत ती का नाही?”

“मला वाटले कामाची नाही.”

“कीर्तनात कामाची झाली?”

त्यांनी आवाज चढवला नाही, ‘आपण’ही म्हटले नाही. म्हणाले, “अरे, इथे वादच हा आहे की तिने त्याला मेला असे धरले आहे की नाही. आणि ती सांगते, सहा वर्षे रोज त्याच्या वाटणीचे पीठ मळते आहे. याहून मोठा पुरावा कोणता असतो? तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, आणि ती तू घरी नेलीस.”

पुढचे त्यांनी कामाच्या आवाजात सांगितले. कागद आज वर जाणार नाहीत. मी तिच्या घरी जायचे, तिला पुरवणी जबानीला घेऊन यायचे, आणि त्या जादा उंड्याची भाकरी रोज कुठे जाते तेही विचारून यायचे. जाते तिथल्या माणसालाही आणायचे.

मी चालत निघालो. इतकी लांब वाट मला त्या शहरात कधी वाटली नव्हती. ती अंगणात शेणी थापत होती. मी का आलो ते सांगितले. मग, सांगायची काही सक्ती नव्हती तरी, बाकीचेही सांगितले. की तिचे वाक्य मी जबानीतून वगळले आणि कीर्तनात घातले, आणि एका राणीच्या तोंडी दिले. तिने हात धुतले. रागावेल असे वाटले होते. तिला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

“राणी कशाला भाकरी थापंल?” ती म्हणाली. “तिच्याकडं मानसं न्हाईत व्हय?”

मी म्हणालो की राणी वनात होती.

“वनात आसंल. पर भाकरी थापायची सवं नगं का हाताला? सवं हाय म्हून तर चुकतोय हात. राणीचा न्हाई चुकायचा.”

माझ्या गोड शब्दांत कोणाची भूक नाही की सवय नाही, हे बुवा दोन वर्षे मला सांगू पाहत होते, ते त्या बाईने ओले हात पुसता पुसता सांगून टाकले. मी तिला विचारले की ती जास्तीची भाकरी कुठे जाते. तिने शेजारच्या दाराकडे बोट केले. तिथे एक आंधळी म्हातारी एकटी राहत असे. रोज सकाळी एक भाकरी तिला पोचत होती, आणि ती कोणाच्या वाटणीची हे म्हातारीला ठाऊक होते, कारण द्यायला आली की ही म्हणायची, आजही त्याची उरली.

दोघींना घेऊन मी चावडीवर आलो. म्हातारीने माझा दंड धरला होता. या वेळी मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही, असे मला वाटत होते. वाचून दाखवताना ‘ज्वारीचे पीठ’ असे आले तेव्हा बाईने मला थांबवले. “ज्वारी न्हाई दादा, बाजरी. ज्वारी आमच्यात सनाला.” ज्वारी मी कुठून आणली होती कोण जाणे, ती राणीचीच असावी. मी दुरुस्त केले. तिने पुन्हा बांगडी काढली, पहिल्यापेक्षा जरा गोल.

चार दिवसांनी निकाल झाला. डोळ्यांनी मृत्यू पाहिलेला माणूस येऊन साक्ष देईपर्यंत बाईला घरातून काढू नये, बांगड्यांबद्दल कोणी सक्ती करू नये. दीर निकाल ऐकायला आला होता. मी त्याला मनात खलनायक करून ठेवले होते, पण समोर उभा होता तो खोकणारा, वाकलेला माणूस. सासऱ्याच्या घरी एका खोलीत चार मुलांसह राहत होता आणि सासरा रोज बोलत होता. निकाल वाचून झाल्यावर तो म्हणाला की भाऊ यावा असे त्यालाही वाटते, पण पोरांना कुठे झोपवू ते कोणी सांगावे. ती बाई पायऱ्या उतरताना थांबली आणि म्हणाली की एका खणात तिचे भागते, दुसरा त्याने घ्यावा. फक्त दार एकच राहील, मध्ये भिंत घालायची नाही. दिराने मान खाली घालून हो म्हटले. पुढच्या महिन्यात मी त्या आळीतून गेलो तेव्हा अंगणात चार मुले खेळत होती आणि ती त्यांना ओरडत होती.

बुवांना मी खरे सांगितले. त्यांनी हातातले टाळ खाली ठेवले. मग म्हणाले की राणीचे आख्यान आता गायचे नाही, पण ही गोष्ट निरूपणात दृष्टांत म्हणून सांगता येईल, आहे तशी, त्या बाईची हरकत नसेल तर. मी पुन्हा विचारायला गेलो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “सांगा. पर नाव घिऊ नका. माजं न्हाई, त्येचंबी न्हाई. उद्या आला तर त्येला लाज वाटंल.” त्या दिवसापासून मी माझ्या लिखाणात कोणाचेच नाव घालत नाही, इथेही घातलेले नाही.

नवरा आला की नाही, हे वाचणारा विचारील. मी त्या चावडीवर होतो तोवर आला नव्हता, आणि त्याला पाहिलेला माणूसही आला नाही. मग माझी बदली दुसऱ्या कचेरीत झाली, आणि तिकडचे मला कळले नाही.

मी कविता सोडल्या नाहीत. पण आर्या कमी झाल्या आणि दृष्टांत वाढले. बुवांच्या कीर्तनासाठी मी पुढे पुष्कळ लहान लहान गोष्टी लिहून दिल्या. एका कासाराची, ज्याला बायकोच्या हाताचे माप कधीच जमत नसे. लोणी काळभोरहून गूळ घेऊन येणाऱ्या एका माणसाची, जो आपला बैल विकल्यावर त्याला भेटायला जायचा. अशी माणसे रोज ओसरीवर येऊन बसत. त्यांच्या बोलण्यातले जे सरकारचे ते आधी सरकारच्या कागदावर जाई, आणि मी घरी नेत असे ते त्यांना विचारून. काही जण नको म्हणत. त्यातल्या दोन गोष्टी फार चांगल्या होत्या, आणि त्या माझ्याबरोबरच जातील. लिपीचे म्हणाल तर घरीही मी मोडीच लिहू लागलो. बाळबोधीत अक्षर वळवता वळवता माणूस काय म्हणाला ते विसरायला होत असे.

वडील कारकून चाकरीतून निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. एकदा धीर करून लिहिलेली एक गोष्ट त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती जबानी वाचावी तशी वाचली, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. तपकिरीची डबी बाजूला सारली, बोरू मागवला आणि दोन शब्द खोडले. कागद परत करताना म्हणाले की आता ठीक आहे, निशाणी घ्यायला हरकत नाही.

त्यातला एक शब्द खोडायला नको होता, असे मला आजही वाटते.